कोणता समुद्र, कोणती सपाटी?

आगगाडीच्या प्रवासात स्थानकाचे नाव लिहिलेला पिवळा फलक तुम्ही पाहिला असेल. ठळक काळ्या अक्षरांत गावाचे नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत पुष्कळदा आणखी एक ओळ असते : समुद्रसपाटीपासून उंची इतके मीटर. गाडी थांबली की प्रवाशांचे लक्ष चहावाल्याकडे जाते; त्या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही. पण ज्याचे लक्ष तिच्याकडे जाईल, त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहणार नाही. गाव तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग त्याची उंची कोणत्या समुद्रापासून मोजली? आणि समुद्र तरी एका पातळीवर कोठे स्थिर असतो? सकाळच्या भरतीत बुडालेला खडक दुपारच्या ओहोटीत उघडा पडतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर पाणी जेथवर चढते, तेथवर ते हिवाळ्यात चढत नाही.

या प्रश्नाचे उत्तर भूमापकांनी मोठ्या चिकाटीने शोधले. बंदरात एक यंत्र बसवायचे, पाण्याची चढउतार रात्रंदिवस नोंदत राहायचे, आणि असे वर्षानुवर्षे केल्यावर सर्व नोंदींची सरासरी काढायची. ही सरासरी पातळी म्हणजे समुद्रसपाटी. तिला शून्य मानायचे. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अशा नोंदी निरनिराळ्या बंदरांवर घेण्यात आल्या. त्यांपैकी नऊ बंदरे उंचीच्या मोजणीसाठी आधार म्हणून निवडली गेली. मुंबई त्यांपैकी एक होते, कारवार दुसरे, मद्रास आणखी एक. आणि आज पाकिस्तानात असलेले कराची हेही त्या नवांतच होते. बंदरावरच्या खुणेपासून निघून भूमापक दुर्बीण आणि मोजपट्ट्या घेऊन थोडथोड्या अंतरांचे टप्पे करीत देशाच्या अंतर्भागात गेले. प्रत्येक टप्प्यावर जमीन किती चढली, किती उतरली, हे ते लिहून ठेवीत. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे असे आपण भूगोलात शिकतो, त्या आकड्यामागे असा शून्य ठरवण्याचा सारा खटाटोप उभा आहे.

एका देशातील सर्वांनी एकच शून्य मानले म्हणजे त्या देशाचे काम भागते. परंतु पर्वत, नद्या आणि वारे यांना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. शेजारच्या देशाने आपले शून्य दुसऱ्याच समुद्रावर मांडले असेल तर काय होईल? युरोपात ऱ्हाईन नदीच्या काठी एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेमके हेच घडले.

ऱ्हाईन ही स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावणारी मोठी नदी आहे. तिच्या वरच्या प्रवाहात काही अंतरापर्यंत एका काठावर जर्मनी आणि दुसऱ्या काठावर स्वित्झर्लंड आहे. तेथे लाउफेनबुर्ग नावाची दोन गावे समोरासमोर वसली आहेत. दोन गावे म्हणायचे ते केवळ कागदोपत्री. १८०१ सालापर्यंत ते एकच नगर होते. नेपोलियनच्या काळातील तहाने नदी ही सीमा ठरली आणि नगराचे दोन तुकडे झाले. नाव मात्र दोघांनीही सोडले नाही. या दोन लाउफेनबुर्गांना जोडणारा एक नवा, रुंद पूल बांधण्याचे उभय देशांनी ठरवले. जर्मन काठावरचे मोजमाप जर्मनीच्या पद्धतीने, स्विस काठावरचे स्वित्झर्लंडच्या पद्धतीने, अशी कामाची सुरुवात झाली.

आता या दोन पद्धती कशा होत्या ते पाहू. जर्मनीची उंची ॲम्स्टरडॅमच्या पाण्यापासून मोजली जाई. ॲम्स्टरडॅम हे नेदरलँड्समधील शहर उत्तर समुद्राच्या बाजूस आहे. तेथील बराच प्रदेश पाण्याच्या पातळीच्याही खाली असल्यामुळे पाणी किती चढले हे जाणणे हा त्या नगराच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बांधांवर संगमरवरी दगड बसवून त्यांवर पातळीच्या खुणा कोरण्यात आल्या. त्या खुणांवरून ठरलेले शून्य पुढे शेजारच्या देशांनीही घेतले.

स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. त्याने दक्षिणेकडचा समुद्र पत्करला : फ्रान्समधील मार्सेय बंदराजवळचा भूमध्य समुद्र. परंतु प्रत्येक वेळी मार्सेयपर्यंत कोण जाणार? म्हणून जिनीव्हा नगराच्या सरोवरात पाण्याबाहेर डोके काढून असलेल्या एका खडकाची उंची एकदाच ठरवून टाकण्यात आली आणि साऱ्या देशाची उंची त्या खडकापासून मोजली जाऊ लागली. या खडकाचीही एक गंमत आहे. प्रथम त्याची उंची ३७६.८६ मीटर मानली जात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा काळजीपूर्वक मोजले, तेव्हा ती ३७३.६ मीटर भरली. झाले! एक खडक सव्वातीन मीटरांनी उतरला आणि त्याच्याबरोबर स्वित्झर्लंडमधील झाडून सारी शिखरे कागदावर तितकीच खाली आली. प्रत्यक्षात एक खडाही हलला नव्हता.

ॲम्स्टरडॅमचे शून्य आणि मार्सेयचे शून्य एका पातळीत नाहीत. समुद्राचे पाणी सर्वत्र एकाच पातळीत असते अशी आपली समजूत असते, पण वारे, प्रवाह, पाण्याचा खारेपणा आणि उष्णता यांच्यामुळे एका समुद्राची सरासरी पातळी दुसऱ्याहून थोडी वरखाली असते. शिवाय दोन्ही ठिकाणी शून्य ठरवण्याची रीत आणि काळही निराळे. त्यामुळे जर्मन आणि स्विस आकड्यांत लाउफेनबुर्गजवळ २७ सेंटीमीटरांचा फरक पडतो.

हा फरक कोणाला ठाऊक नव्हता असे मात्र समजू नका. तो उभय बाजूंच्या जाणकारांना चांगला ठाऊक होता आणि पुलाच्या आखणीत तो धरलाही होता. चूक झाली ती पुढेच. ती समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. अंगणाच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकून त्यांवर दोरी बांधायची आहे. दोरी अगदी आडवी, समपातळीत हवी. एक मुलगा अंगणात उभा आहे. त्याने जमिनीपासून १५० सेंटीमीटर मोजून खिळा ठोकला. दुसरा मुलगा २७ सेंटीमीटर उंचीच्या ओट्यावर उभा आहे. तो ओट्यापासून मोजणार. त्याने १५० मधून २७ वजा करून १२३ सेंटीमीटरांवर खिळा ठोकला पाहिजे. परंतु घाईत त्याने वजा करण्याऐवजी २७ मिळवले आणि १७७ सेंटीमीटरांवर खिळा ठोकला, तर तो खिळा जमिनीपासून २०४ सेंटीमीटरांवर गेला. दोन खिळ्यांत अंतर पडले ५४ सेंटीमीटरांचे. फरक मुळी लक्षात न घेता दोघांनीही १५० च मोजले असते, तर २७ सेंटीमीटरांचीच चूक झाली असती. दुरुस्तीने ती दुप्पट झाली!

लाउफेनबुर्गला हेच घडले. अधिकाच्या जागी उणे, किंवा उण्याच्या जागी अधिक. २००३ साली काम चालू असताना लक्षात आले की, दोन काठांवरील बांधकामांच्या उंचीत ५४ सेंटीमीटरांचा फरक आहे. ५४ सेंटीमीटर म्हणजे सामान्यतः शाळेतल्या बाकाच्या बैठकीहूनही थोडे उंच. एवढी पायरी असलेल्या पुलावरून मोटार कशी जाणार? जर्मन बाजूचे काम खाली घेऊन मेळ घालावा लागला आणि २००४ च्या डिसेंबरात पूल खुला झाला. युरोपातील वृत्तपत्रांनी या प्रकाराची पुष्कळ थट्टा केली. थट्टा करणे सोपे असते. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये : दोन्ही देशांचे आकडे आपापल्या जागी अचूक होते. जर्मन भूमापकाचा आकडा खोटा नव्हता, स्विस भूमापकाचाही नव्हता. दोन खरे आकडे शेजारी ठेवताना ते कशापासून मोजले आहेत हे नीट सांभाळले नाही, म्हणून पूल चुकला.

पूल चुकला तर तो दुरुस्त करता येतो. नदीला पूर आला असता आकड्यांचा मेळ बसला नाही, तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. ऱ्हाईनचे पाणी स्वित्झर्लंडहून निघून जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेवरून, मग जर्मनीतून आणि शेवटी नेदरलँड्समधून समुद्रास मिळते. १९९३ आणि १९९५ या वर्षी तिला मोठे पूर आले. १९९५ च्या पुरात नेदरलँड्समध्ये बांध फुटण्याच्या भीतीने सुमारे अडीच लक्ष माणसांना घरेदारे सोडून हलवावे लागले. त्यांच्या दाराशी आलेले पाणी काही दिवसांपूर्वी दुसऱ्या देशातून वाहत होते. तेथे ते किती चढले, किनाऱ्याची जमीन कोठे सखल आहे, बांध कोठे किती उंच आहेत, हे खालच्या देशास आधी कळले तरच माणसे वेळेवर हलवता येतात. ऱ्हाईनकाठच्या देशांची एक संयुक्त समिती १९५० सालापासूनच होती. आरंभी तिचे लक्ष नदीचे पाणी स्वच्छ राखण्याकडे होते. या पुरांनंतर तिने पुराचे कामही हाती घेतले आणि २००१ साली साऱ्या ऱ्हाईनकाठचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मोठा पूर आल्यास कोणते गाव किती पाण्याखाली जाईल, हे त्यात दाखवले होते. नकाशाचे रंग सीमेवर येऊन थांबत नव्हते.

उंचीच्या बाबतीत जी अडचण, तीच एके काळी पूर्व-पश्चिम मोजण्याच्या बाबतीतही होती, आणि ती अधिक मोठी होती. उत्तर-दक्षिण मोजण्यास विषुववृत्त हे निसर्गाने दिलेले शून्य आहे. पूर्व-पश्चिमेस तसे काहीच नाही. पृथ्वीवरची कोणतीही एक उभी रेषा घ्या आणि तिला शून्य म्हणा. निसर्गाची काही हरकत नाही. साहजिकच प्रत्येक राष्ट्राने आपल्याच वेधशाळेवरून जाणारी रेषा निवडली. फ्रेंच नकाशात शून्य रेखांश पॅरिसवरून जाई, इंग्रजी नकाशात तो लंडनजवळच्या ग्रिनिचवरून जाई आणि रशियन नकाशात सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुलकोवो येथून. एकाच बेटाचे रेखांश तीन नकाशांत तीन! भर समुद्रात दोन देशांची जहाजे भेटली आणि एकाने दुसऱ्यास धोक्याच्या खडकाची जागा सांगितली, तर ऐकणाऱ्याने प्रथम हे विचारावयाचे की, हे अंश कोठून मोजलेले?

१८८४ साली वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी या प्रश्नासाठी जमले. ग्रिनिचची रेषा शून्य मानावी या ठरावास बावीस राष्ट्रांनी अनुमती दिली, एकाने विरोध केला, आणि फ्रान्स व ब्राझील ही दोन राष्ट्रे तटस्थ राहिली. फ्रान्सचा मानभंग झाला होता. पुढे १९११ साली फ्रान्सने आपली घड्याळे ग्रिनिचशी जुळवली खरी, परंतु कायद्यात ग्रिनिचचे नाव येऊ दिले नाही. फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, मात्र ९ मिनिटे २१ सेकंद मागे केलेली, असे त्या कायद्याने ठरवले. ती वेळ ग्रिनिचचीच भरते, हे ज्याचे त्याने हिशेब करून पाहावे!

याच काळात आल्ब्रेख्त पेंक नावाच्या एका तरुण जर्मन भूगोलज्ञाच्या मनात एक मोठी कल्पना घोळत होती. १८९१ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी भरलेल्या भूगोलपरिषदेत त्याने ती मांडली. पृथ्वीचा बहुतेक भाग आता माणसाने पाहिला आहे, देशोदेशी नकाशेही झाले आहेत, परंतु ते एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. एकाचे प्रमाण मोठे, दुसऱ्याचे लहान. एकात उंची फुटांत, दुसऱ्यात मीटरांत. एकात जंगल हिरवे, दुसऱ्यात सखल जमीन हिरवी. म्हणून सर्व राष्ट्रांनी मिळून साऱ्या पृथ्वीचा एकच नकाशा करावा. त्याचे प्रमाण दहा लक्षास एक असावे. म्हणजे जमिनीवरचे दहा किलोमीटर कागदावर एक सेंटीमीटर होतील. प्रत्येक राष्ट्राने आपल्या वाट्याचे पत्रक स्वतः तयार करावे, पण नियम सर्वांस एकच असावेत, जेणेकरून कोणतीही दोन पत्रके कडेला कड लावून जोडता येतील.

कल्पना ऐकून सर्वांनी माना डोलावल्या. त्यानंतर अठरा वर्षे गेली! अखेर १९०९ साली लंडन येथे आणि १९१३ साली पॅरिस येथे परिषदा भरून नियम ठरले. या नियमांत एक सुंदर देवघेव आहे. फ्रेंचांनी नकाशावर ग्रिनिचचे रेखांश मान्य केले, आणि फुटांत व मैलांत मोजणाऱ्या इंग्रजांनी नकाशावरची उंची मीटरांत लिहिण्याचे मान्य केले. दोघांनीही आपल्या घरची एकेक वस्तू सोडली, तेव्हा नकाशा पुढे सरकला.

नियमांप्रमाणे पृथ्वीचे तुकडे कसे पाडले तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पत्रकात ४ अंश अक्षांश आणि ६ अंश रेखांश इतका प्रदेश यावयाचा. विषुववृत्तापासून वर जाताना चार-चार अंशांच्या पट्ट्यांना रोमन लिपीतील अक्षरे द्यायची, आणि पृथ्वीभोवती सहा-सहा अंशांच्या साठ उभ्या पट्ट्यांना १ ते ६० असे क्रमांक द्यायचे. या हिशेबाने उत्तर गोलार्धातील १६ ते २० अंश अक्षांशांची पट्टी ‘ई’ ठरते आणि ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांची पट्टी ४३ क्रमांकाची. तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूर आणि कोल्हापूर ही सारी शहरे ‘उत्तर ई ४३’ या एकाच पत्रकात येतात. नागपूर मात्र २० अंशांच्या वर आणि ७८ अंशांच्या पूर्वेस असल्यामुळे ‘उत्तर एफ ४४’ मध्ये जाते. घरी नकाशासंग्रह असेल, तर त्यावरून आपल्या गावाचे पत्रक कोणते हे तुम्हांलाही काढता येईल. त्यासाठी इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन भाषा येण्याची गरज नाही, आणि हाच त्या योजनेचा मोठा गुण होता.

नियम ठरून वर्ष लोटले नाही तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. कालपर्यंत एका मेजाभोवती बसून रंग ठरवणारी राष्ट्रे आता एकमेकांचे नकाशे चोरू लागली. कारण नकाशा हे ज्ञानाचे साधन आहे तसे ते युद्धाचेही साधन आहे. शत्रूच्या पुलाची आणि घाटाची अचूक जागा कोणाला नको असते? युद्ध संपल्यावर काम पुन्हा सुरू झाले. अमेरिकेतील भूगोलसंस्थेने तर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंतची १०७ पत्रके पंचवीस वर्षे खपून एकटीने पूर्ण केली. परंतु जगाचे काम पाहणारी मध्यवर्ती कचेरी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे होती. १९४० साली दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर बाँबवर्षाव झाला आणि ती कचेरी उद्ध्वस्त झाली. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांनी हे काम आपल्याकडे घेतले, १९६२ साली बॉन येथे नियम सुधारले गेले. पण उत्साह ओसरला होता. प्रत्येक राष्ट्राला आपल्या घरच्या कामासाठी याहून मोठ्या प्रमाणाचे नकाशे हवे होते. काहींना आपली माहिती परक्यांना द्यावयाची नव्हती, तर काहींपाशी पैसा नव्हता. १९८० नंतरच्या दशकात हा उद्योग थांबला. पेंकचा नकाशा कधीच पूर्ण झाला नाही.

तरीही तो वाया गेला असे म्हणता येत नाही. पृथ्वीला साठ उभ्या पट्ट्यांत विभागण्याची ती रीत पुढे भूमापकांच्या दुसऱ्या एका पद्धतीत जशीच्या तशी आली. आज मुंबईत किंवा पुण्यात रस्त्याची मोजणी करणारा भूमापक आपल्या यंत्रात पट्टी क्रमांक ४३ निवडतो. तो क्रमांक पेंकच्या नकाशातील क्रमांकाशी जुळतो, हे त्याला बहुधा ठाऊकही नसते.

पुढे उपग्रह आले. आकाशातून फिरणाऱ्या उपग्रहाला एकेका देशाचे निराळे शून्य सोयीचे नाही; त्याला साऱ्या पृथ्वीसाठी एकच हिशेब लागतो. १९८४ साली निश्चित झालेली अशी एक जागतिक पद्धती आज उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रांत वापरली जाते. पेंकच्या काळी जे परिषदा भरवून मिळवावे लागले, ते यंत्राच्या पोटातच आले. आता अडचण उरली ती दुसरीच : माहिती आहे, ती जुळतेही आहे, पण ती ज्याच्यापाशी आहे तो ती देतो की नाही?

१२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात मोठा भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स ही त्याची राजधानी बहुतांशी कोसळली आणि सहस्रावधी माणसे मृत्युमुखी पडली. देशोदेशींची पथके औषधे, अन्न आणि पाणी घेऊन धावली. विमानतळाबाहेर पडताच त्यांना पहिला प्रश्न पडला तो रस्त्याचा. रुग्णालय कोणत्या दिशेस? कोणता पूल शाबूत आहे? शहराचा उपयोगी पडेल असा सविस्तर नकाशा सहजी मिळत नव्हता.

जगात एक असा नकाशा होता की, जो कोणा एका सरकारचा नव्हता. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या उपक्रमात कोणीही आपल्या भागातील रस्ते नोंदवावेत आणि कोणीही तो नकाशा विनामूल्य वापरावा, असा नियम आहे. त्यात भूकंपाच्या दिवशी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या जागी मोजक्या रेषाच होत्या. मग उपग्रहचित्रे घेणाऱ्या कंपन्यांनी भूकंपानंतरची आपली चित्रे खुली केली. एरवी ही चित्रे विकत घ्यावी लागतात आणि घेतली तरी त्यांवरून नकाशा काढून दुसऱ्यास देण्याची परवानगी असतेच असे नाही. ही परवानगी मिळताच निरनिराळ्या देशांतील काही शेकडो माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसली आणि चित्रावर दिसणारा एकेक रस्ता, एकेक पूल, पडलेली घरे आणि उघड्या मैदानांवर उभे राहिलेले तंबू नकाशावर उतरवू लागली. त्यांतील पुष्कळांनी हैती कधी पाहिलेही नव्हते. काही दिवसांतच कोरी जागा रेषांनी भरून गेली. मदतपथके तो नकाशा आपल्या हातांतील यंत्रांत भरून घेऊ लागली.

आकाशातून रस्ता दिसतो. रस्त्याचे नाव दिसत नाही. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या किंवा पाण्यावाचून राहिलेल्या लोकांनी ४६३६ या क्रमांकावर संदेश पाठवावा अशी सोय हैतीत करण्यात आली होती. संदेश तेथील क्रिओल भाषेत येत, आणि त्यांत पत्ता असे तो गल्लीच्या, शाळेच्या, चर्चच्या नावाने. परदेशी पथकांना यातले काहीच कळत नव्हते. तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि अन्य देशांत स्थायिक झालेले हैतीयन लोक या कामास लागले. ते संदेश वाचीत, त्यांचा अर्थ इंग्रजीत लिहीत, आणि आपल्या आठवणीतली ती गल्ली नव्या नकाशावर शोधून तिच्यावर खूण करीत. त्या खुणेचे अक्षांश आणि रेखांश मग पोर्ट-ओ-प्रिन्समधील मदतपथकांकडे पाठवले जात.